भुतांचा वॉक काढायचाय? आधी दिवसाउजेडी चालून या

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे उत्तराचा रोख कळेल. विचारणारे संभाजीनगरचेच आहेत, इतिहासात एम.ए. करताहेत. पुण्यात शनिवारवाड्याच्या बाजूने निघालेला एक रात्रीचा वॉक त्यांनी केला, भारावून परत आले आणि आता आपल्या शहरात तसाच भुताटकीचा आणि खूनखराब्याचा वॉक सुरू करायचं म्हणताहेत. त्यांनी विचारलंय की झपाटलेल्या जागा कुठल्या, परवानग्या कोणाच्या लागतात आणि लोक पैसे देतील का.

पैशाचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. लोक देतात. रविवारी सकाळी सहाला दरवाजे बघायला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण ‘रात्रीचा, गुन्ह्यांचा’ असं म्हटलं की तेच लोक सोबत मावसभाऊ, ऑफिसातली मैत्रीण आणि सोसायटीतले दोघं घेऊन येतात. गिऱ्हाईक ही अडचण नाहीच. अडचण ही की पुण्याच्या वॉकला जे आयतं मिळालंय ते आपल्याकडे नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, कुठे झाला त्या वाड्याचे तट-दरवाजे उभे आहेत, रामशास्त्र्यांची गोष्ट शाळेतल्या पोराला ठाऊक आहे आणि ‘काका मला वाचवा’ ही हाक तर सगळ्यांच्या तोंडी. एक वाडा, एक खून, एक भूत. आपल्या शहराची आजवर खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी चार नावं झाली. राज्यं बदलली, सरकारी भाषा फारसीवरून उर्दूवर गेली, मग मराठीवर आली. कागद विखुरले, गोष्टी मात्र गल्लीतच राहिल्या. म्हणून मला तुमची खरी अडचण वेगळी दिसते: ज्या गल्लीत लोक आजही राहतात तिथे, त्यांच्या दारासमोर उभं राहून, अर्धा पुरावा आणि अर्धी आवई असलेली गोष्ट कशी सांगायची?

मी नवीन जागा हाती घेतली की तिच्याबद्दल जे जे कानावर येतं त्याची वाटणी करते. कागदावर सापडतं ते एकीकडे. म्हातारी माणसं सांगतात, त्यांच्या आज्यांनी त्यांना सांगितलेलं असतं, ते दुसरीकडे. आणि गेल्या काही वर्षांत मोबाईलवर जन्माला आलेलं तिसरीकडे. हा तिसरा गठ्ठा मी उघडतही नाही. रात्री दोन वाजता टॉर्च तोंडाखाली धरून ‘दोस्तों, यहाँ की एनर्जी बहुत निगेटिव्ह है’ म्हणणारी पोरं आपल्याकडेही कमी नाहीत. जुन्या शहरातल्या एका घरासमोर असा व्हिडिओ काढून गेले. पुढे मी त्या बाजूने एक गट घेऊन जात होते, तर वरच्या खिडकीतून एक बाई म्हणाल्या, “बाजी, हमारे घर कू भूतबंगला बोल के गए वो पोट्टे. अब किराएदार बी नई आता, और लडकी का रिश्ता बी अटक गया.” त्या घरात कधी काही झालेलं नव्हतं. भिंतीला पिंपळ फुटला होता आणि पुढचा जिना पडला होता, एवढाच त्याचा गुन्हा. माणसं राहत असलेल्या घराला झपाटलेलं म्हणायचं नाही, हा नियम मी कोणत्याही गोष्टीसाठी मोडत नाही. गोष्ट कितीही रंगतदार असो.

मग उरतं काय? भरपूर उरतं.

क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्यापासून सुरू करा. क्रांती चौकातून रोज हजारो गाड्या जातात, पण त्या चौकाला क्रांती चौक का म्हणतात हे सिग्नलला थांबलेल्या दहा जणांना विचारून पाहा. जून १८५७. हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेचं, पहिलं घोडदळ मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, इथल्या छावणीत आणलं होतं. शिपायांत कुजबुज सुरू झाली की आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध लढायला नेणार. त्यांनी नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. शिपायांना निःशस्त्र करताना मीर फिदा अली या दफेदाराने, म्हणजे घोडदळातल्या हवालदाराने, कॅप्टन अ‍ॅबटवर पिस्तूल झाडलं. त्याला फाशी दिलं. त्यानंतर २१ जणांना गोळ्या घातल्या आणि तिघांना तोफेच्या तोंडी दिलं. शहराच्या आठवणीत ती शिक्षा या काळ्या चबुतऱ्याशी जोडलेली आहे.

हे सांगताना मी आवाज चढवत नाही. ‘तोफेच्या तोंडी दिलं’ हे शब्द आपण म्हणीसारखे वापरतो, म्हणून लोक ते ऐकून पुढे सरकतात. तिथे मी थांबते आणि सांगते की हे शब्दशः झालं होतं, माणसाची पाठ तोफेला लावून बांधत. अंत्यविधीला नातेवाइकांच्या हाती काही उरू नये, ही त्या शिक्षेमागची भीती होती आणि देणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक होती. इथे भूत लागत नाही. गटातलं कोणी ना कोणी आपणहून विचारतंच, “मग इथे काही दिसतं का हो रात्री?” मी सांगते, रात्री अकरानंतरसुद्धा इथे वडापावची गाडी दिसते. लोक हसतात, ताण जातो आणि पुढच्या टप्प्यासाठी मोकळे होतात.

गुन्हेगार कोण, हा प्रश्नही इथेच विचारून ठेवा, पुढे कामाला येतो. त्या वेळच्या कागदांत हे बंडखोर, आज आपल्यासाठी क्रांतिकारक. मराठवाड्यात ही गत जागोजागी आहे. हदगावकडे १८१९ मध्ये नौसाजी नाईक हटकराने कंटिन्जंटच्या फौजेशी झुंज दिली. कंपनीच्या लेखी तो पुंड होता, हटकरांच्या लेखी नायक. धाराशिवकडच्या कोणाला असा वॉक करायचा असेल तर नळदुर्ग आहे. १८५३ नंतर त्या जिल्ह्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर हा त्याआधी ठगांच्या जबान्या घेणारा अधिकारी होता. पण ठगांची गोष्ट सांगताना एक लक्षात ठेवा, ती आपल्यापर्यंत आली ती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आणि ज्यांना बढती मिळवायची होती अशा साहेबांच्या लेखणीतून. खून झाले हे खरं, पण ‘देवीसाठी गळे आवळणारी गुप्त टोळी’ हे चित्र किती खरं आणि किती साहेबी, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. गटाला हे सांगितलं तर गोष्ट फिकी पडत नाही, उलट लोक जास्त कान देतात.

आता भुयार. तुमच्या वॉकचा सगळ्यात चांगला भाग हा होऊ शकतो. आपल्या शहरात ज्याला विचाराल तो सांगेल की इथून दौलताबादपर्यंत भुयार आहे, घोडेस्वार जाईल एवढं. कोणाच्या आजोबांनी आत बकरी सोडलेली असते आणि ती तिकडे निघालेली असते. (बकरी का, हे मला आजवर कळलेलं नाही. अंबाजोगाईला हीच गोष्ट कुत्र्याची ऐकली.) जमिनीखाली पोकळी आहे, हे मात्र खरं. मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर वसवलं आणि उत्तरेच्या डोंगरातलं पाणी उताराने शहरात आणलं, तीच नहर-ए-अंबरी. ही नहर बरीचशी जमिनीखालून जाते, चुना-विटांत बांधलेली, आणि काही भागांत आत माणूस उतरू शकतो. ठराविक अंतरावर साफसफाईसाठी तोंडं ठेवलेली आहेत. शहरात इथेतिथे जे उंच चौकोनी बुरुज दिसतात, ज्यांना लोक बंबे म्हणतात, ते याच व्यवस्थेचे. पाणी त्यात वर चढायचं, दाब मोकळा व्हायचा आणि पुढे जायचं.

आता विचार करा. पाणी आटलं, नहर कोरडी पडली, वर वस्ती झाली, आणि एखाद्याच्या परसात पाया खणताना एकदम कमानदार, अंधारं, लांबलचक पोकळ काहीतरी लागलं. आतून गार वारा येतोय. त्या माणसाने दुसरं काय म्हणावं? पावसाळ्यात त्यातून पाणी घुमल्याचा आवाज आला की शेजारीण म्हणणारच, खालून कोणी रडतंय. ही गोष्ट पाणचक्कीला सांगावी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातला तो मोठा हौद बघायला सगळे जातात, पण त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं. डोक्यावर पाणी, खाली खांबांचं गार दालन, आणि शेजारी नळातून आलेल्या पाण्याच्या जोरावर फिरणारं, फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळलेलं जातं. इथे गट आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. मी सांगते, हाच तो तुमचा भुयाराचा रस्ता, यातून राणी पळाली नाही, पाणी आलं. एखाद्याचा हिरमोड होतो, नाही असं नाही. पण तोच माणूस पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन येतो आणि मी सांगायच्या आधी स्वतः सांगतो.

भुतांच्या गोष्टी शहरात कुठे गोळा होतात, हेही नकाशावर टाकून पाहा. तटाच्या बाहेर, नदीच्या काठाने, कबरस्तान-स्मशानाच्या वाटेवर, आणि ओसाड हवेल्यांत. औरंगजेबाच्या काळात हे गजबजलेलं राजधानीसारखं शहर होतं. निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलवली आणि सरदार, सावकार, कारागीर हळूहळू पांगले. मोठमोठे वाडे रिकामे पडले. रिकाम्या वाड्यात घुबड, वटवाघूळ, चोर आणि भाऊबंदकीचा दावा हे चौघंही राहायला येतात. वाटणीचं भांडण कोर्टात असलेल्या वाड्यात भूत असल्याची बोलवा उठली, तर ती कोणाच्या फायद्याची, हे आधी विचारायचं. मी तरी विचारते.

दौलताबादला गट नेणार असाल तर तो वेगळा दिवस ठेवा, शहराच्या वॉकला जोडू नका. १३१८ मध्ये यादव राजा हरपालदेवाची जिवंतपणी कातडी सोलली, ती देवगिरीलाच. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर मरेपर्यंत या किल्ल्यातल्या चिनी महालात कैदेत होता. भिंतीवर उरलेल्या रंगीत फरश्यांचे तुकडे अजून दिसतात, ते हात न लावता दाखवा. आणि अंधारी, म्हणजे किल्ल्यात वर जाणारा काळोखा बोगदा, ही तर माणूस मारण्यासाठीच बांधलेली वाट आहे. उजेडातून आत शिरणाऱ्याला दिसत नाही, फसवी वळणं खंदकाकडे नेतात, वरच्या तोंडाशी लोखंडी पत्रा तापवून धूर कोंडायचा. गाईडने मशाल विझवली की पोरं किंचाळतात. मी विझवत नाही, पायऱ्या घसरड्या आहेत. शिवाय किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे आणि सूर्यास्ताला बंद होतो, त्यामुळे तिथे रात्रीचं काही जमवू अशी आशा ठेवू नका.

आता काय घेऊ नये ते सांगते, कारण तुम्ही पाठवलेल्या यादीत ते आहे. मानवतचं हत्याकांड. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात दहा जीव गेले, त्यात लहान मुली होत्या. तपासात गुप्तधन, पिंपळावरचा मुंज्या, असं सगळं बाहेर आलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, काहींना फाशीची शिक्षा झाली आणि ज्यांना लोक मुख्य सूत्रधार म्हणत होते ते दोघं निर्दोष सुटले. हे सगळं कागदावर आहे, म्हणजे माझ्या पहिल्या गठ्ठ्यातलं. तरीही मी ते वॉकमध्ये घेत नाही, कारण गेलेल्या मुलींच्या बहिणी-भाच्या आजही तिथेच राहत असतील. बंद खोलीत, अभ्यास म्हणून, अंधश्रद्धेने काय होतं ते सांगायला जरूर घ्या. आईस्क्रीम खात खात ऐकायची ती गोष्ट नाही. मी माझ्यापुरती रेघ अशी ओढलीय की ज्या घटनेचा शोक करणारं माणूस अजून जिवंत असू शकतं, ती रस्त्यावर सांगायची नाही. रझाकारांच्या काळातल्या आणि सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे झालेल्या हिंसेबद्दलही मी तेच करते. तो मुक्तिसंग्रामाचा इतिहास आहे, नीट वेळ देऊन, दोन्ही बाजूंनी काय सोसलं ते सांगायचा. दोन चौकांच्या मध्ये उरकायचा नाही.

भानामतीचंही तसंच. मराठवाड्यात भानामती हा विषय गमतीचा नाही. लातूर, नांदेडकडच्या गावांत कितीतरी बायकांना ‘हिच्या अंगात आलंय’ म्हणून मारहाण झाली आणि कोणाला तरी ‘करणी करणारी’ ठरवून गावाबाहेर काढलं. घुमणाऱ्या बाईची नक्कल करून टाळ्या घेणारा गाईड मी पाहिलाय. गटातल्या एका काकूंनी तिथूनच घरचा रस्ता धरला.

आणि जुनी गॅझेटियरं वाचताना ‘गुन्हेगार जाती’ असा मथळा आला की पान तसंच्या तसं उचलू नका. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पोलिसात हजेऱ्या लावायला लावल्या, आणि स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला ते ओझं उतरलं. पारधी आणि कैकाडी समाजाची पोरं आज तुमच्याच वर्गात असतील. ‘या भागात अमुक जातीचे दरोडेखोर असत’ हे वाक्य तुमच्या वॉकमध्ये येता कामा नये.

परवानग्यांचं बरंचसं परिस्थितीवर आहे. रस्त्यावरून चालत गोष्ट सांगायला मी तरी कुठला परवाना घेत नाही, पण रात्री वीस माणसं एका कोपऱ्यावर घोळक्याने उभी राहिली तर पोलिसांची गाडी थांबणारच. मी त्या भागातल्या ठाण्यात आधी लेखी कळवते: तारीख, वेळ, वाट, माणसं किती, माझा नंबर. पोच घेऊन ती मोबाईलमध्ये ठेवते. पाणचक्कीच्या आवारात काही करायचं तर वक्फ मंडळाच्या कार्यालयात विचारा, ते तिथेच आहे. शहराचं वातावरण गरम असेल, मोर्चा-मिरवणुकीचा दिवस असेल, तर वॉक सरळ रद्द करून पैसे परत करा. रमजानात जुनं शहर पहाटेपर्यंत जागं असतं. त्या दिवसांत भीतीचा वॉक जमत नाही, खाण्याचा फार सुंदर जमतो. एप्रिल-मे महिन्यात सातच्या आधी निघू नका, दगडी दरवाजे तोवर भट्टी ओकत असतात.

कायद्याचं एक. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, भूत लागल्याचं सांगून लोकांत दहशत पसरवणं, हे त्यात बसतं. ‘लोक असं म्हणतात’ म्हणून गोष्ट सांगणं वेगळं आणि ‘आता इथे आत्मा बोलवतो, मशीन बघा कसं वाजतंय’ म्हणून तिकीट लावणं वेगळं. दुसऱ्या वाटेला जाऊ नका. तसंच मेलेल्या माणसाची बदनामी करता येत नाही, असं समजू नका. त्याच्या घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने केलेला आरोप अब्रुनुकसानीत येऊ शकतो, न्याय संहितेचं कलम ३५६ वाचून घ्या. म्हणून अलीकडच्या खुनात नावं घ्यायची नाहीत आणि सुटलेल्याला खुनी म्हणायचं नाही.

तयारीसाठी एक उर्दू वाचणारा माणूस जोडा. निजामाच्या राज्यात कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती, आणि कुणबी नोंदींच्या शोधात सगळ्या मराठवाड्याला कळून चुकलं की जुना कागद समोर असून वाचता येत नाही म्हणजे काय. कोर्टातले निवृत्त पेशकार, जुने मुख्याध्यापक, दर्ग्याजवळ अत्तराचं दुकान चालवणारे चाचा, कोणीही चालेल. चहा पाजा, घाई करू नका. ते कागद तर वाचतीलच, शिवाय ‘हे तुमच्या पुस्तकात चुकलंय’ असंही सांगतील.

वाटेचं सांगायचं तर माझी सध्याची अशी आहे: काळा चबुतरा, पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, मग भडकल गेट आणि तिथून बुढ्ढी लेनला नान खलिया खायला. पाणचक्की संध्याकाळी लवकर आटोपत असल्यामुळे ती मी स्वतंत्र, दुपारच्या उतरत्या उन्हात घेते. भडकल गेटला मात्र थांबाच. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून तो बांधला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस दख्खनचा सत्ताधारी कसा झाला, हे सांगायला तिथे भुताची गरज पडत नाही आणि दरवाजाखालून जाणारे रिक्षावालेसुद्धा दोन मिनिटं थांबून ऐकतात. गट बारा-पंधराच्या वर नेऊ नका. माइक नको, काळे झगे नकोत, कोणाच्या दारात, खिडकीत कॅमेरा वळवायचा नाही हे निघतानाच सांगा. बायकांचा गट असेल तर परतीच्या रिक्षा आधी ठरवा, मी तर शेवटची बाई रिक्षात बसेपर्यंत बुढ्ढी लेनमधून हलत नाही.

आणि काळ्या चबुतऱ्यापासून निघणार असाल तर साडेसहाची वेळ देऊ नका. पुलाखाली ऑफिस सुटल्याची गर्दी असते, हॉर्नमध्ये ‘तोफ’ एवढाच शब्द ऐकू जातो. साडेआठला बोलवा, नऊला निघा.